निरंक

जुबाहून मंगालाला जाणारा रस्ता
माझ्या भिंतीवर करंगळीएवढा आहे.
रोज सकाळी त्यावर एक चुंबक लावायचं:
हिरवं, पिवळं, नाहीतर लाल.
पगार त्याचाच.

सातला गुंबोच्या नाक्यावरून वानीचा फोन,
"केजी, पोनीची टपरी बंद."
"उशीर झाला असेल."
"राखसुद्धा थंड आहे."

पोनीला कुणी बातमी सांगायला जात नाही,
बातमीच तिच्याकडे चहाला येते.
गेल्या वर्षी दोनदा तिने चूल पेटवली नाही,
दोन्ही दिवशी दुपारी रस्त्यावर गोळ्या चालल्या.
मी लाल लावलं.

लोकुदू दारात उभा राहिला,
लसींची पेटी कडेवर घेतल्यासारखी.
"बर्फ उद्यापर्यंत टिकत नाही."
ठाऊक आहे, म्हटलं.
"तिकडे बायका पहाटेपासून येऊन बसतात."
तेही ठाऊक आहे.
तो गेला. दार हळूच लावून गेला,
आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी त्या रस्त्यावरून
लांब शिंगांची गुरं गेली,
कोळशाची पोती लादलेल्या सायकली गेल्या,
लग्नाचा एक ट्रक ढोल बडवत गेला.
वानी दर तासाला कळवत होता
आणि दर तासाला त्याचा आवाज
जरा जास्तच सभ्य होत होता.

संध्याकाळी सहाला वायरलेसवर हजेरी.
एक? आहे.
दोन? आहे.
तीन?
नुसती खरखर. पुन्हा खरखर.
मग तोंडात घास असलेला चालक: आहे, आहे.
सगळ्या गाड्या अंगणातच होत्या,
तरी विचारायचं असतं.
अहवालात लिहिलं, घटना: निरंक.
माहितीचा स्रोत: विश्वसनीय.

चौथ्या दिवशी टपरीवर धूर दिसला.
गाडी थांबवून मी उतरले.
पोनीने आलं ठेचलं, साखर दुप्पट घातली,
"भाची अडली होती मंगालाला,
रात्रीच निघाले, मिळेल त्या ट्रकने.
मुलगा झाला!"
मग पेला माझ्या हातात देत,
"बाळाला घेऊन दिवसभर बसलो होतो गं रांगेत,
ऊन डोक्यावरून मागे गेलं.
तुमची गाडी काही आली नाही.
रस्त्यावर काही झालं होतं का?"

मी चमचा फिरवत राहिले,
साखर केव्हाच विरघळली होती.