राहणार

लिहून घेणार : मिसेस ब्लेंकिन, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर,
धंदा घरमालकी, राहणार हेसल रोड, हल.
लिहून देणार : सौ. पद्मजा विलास गुळवे, वय एकेचाळीस,
धंदा एक्स-रे काढणे,
राहणार

इथे बाबांचा टाइपरायटर थांबला असता.
बार्शीच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये,
चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे भाडेकरार बडवले,
अकरा-अकरा महिन्यांचे,
आणि 'राहणार'च्या पुढची जागा
कधी कोरी सोडली नाही.
पत्ता नाही असा माणूस नसतो, म्हणायचे,
निदान कुणाच्या तरी मार्फत असतोच.

मी नऊ आठवडे मार्फत आहे.
मार्फत जिन्सी कुरियन, वॉर्ड सोळा,
तिच्या सोफ्यावर,
तिच्या मुलाच्या डायनासोरांच्या मध्ये.

तेरा घरं पाहिली.
पाहिली म्हणजे दहा. तीन तर
मी बसमध्ये असतानाच गेली.
कीरन नावाचा एजंट, टोकदार बुटांचा,
फोनवर आडनावाचं स्पेलिंग विचारायचा
आणि स्पेलिंग संपेपर्यंत घर संपलेलं असायचं.
इकडे 'नो' म्हणताना 'नर्' म्हणतात.
पहिला आठवडाभर मला वाटलं,
हे काहीतरी वेगळं सांगतायत.

मागची तीन वर्षं इथे कुठे राहिलात?
इथे नव्हते.
मग इथली क्रेडिट हिस्टरी?
इथे नव्हते.
जामीन राहील असं कुणी? इथलं, स्वतःचं घर असलेलं?
जामीन म्हटलं की मला
बाबांच्या टेबलापुढे टोपी हातात घेऊन
उभी असलेली माणसं आठवतात.
मी अजून काहीच केलेलं नाही, कीरन.

रात्री विलास विचारतो, मिळालं?
पोरगा मागून ओरडतो, घरात जिना आहे का घरात?
घर पाहावं बांधून, म्हणतात.
भाड्याने मागून पाहावं, असं कुणी म्हणून ठेवलं नाही.
आहे, म्हणते मी. सगळ्याच घरांत असतो.

मिसेस ब्लेंकिनला एजंट नव्हता.
चिप्सच्या दुकानात चिठ्ठी होती, निळ्या पेनाने.
दार उघडून तिने आधी माझे बूट पाहिले, मग मला.
स्वयंपाकघरात शिरताच आला तो प्रश्न :
स्वयंपाक करतेस का गं?

आजवर दर घरात मी म्हणाले होते, फारसा नाही.
सॅलड वगैरे.
त्या दिवशी सकाळपासून सव्वीस फ्रॅक्चर झाली होती,
पाय भरून आले होते.
म्हणाले, करते. रोज करते.
लसणाची फोडणी देते, हिंग घालते,
वास येतो, पडद्यांना लागतो.

ती हसली नाही. खिडकीकडे गेली.
ही अडकते, म्हणाली, खालून दणका द्यायचा.
दणका देऊन दाखवला.
मग म्हणाली, माझा रॉन ट्रॉलरवर होता.
तीस वर्षं या घराला कॉडचा वास होता, माझ्या केसांनासुद्धा.
पोस्टाच्या रांगेत बायका एक पाऊल पुढे सरकायच्या.
वासाचं मला नको सांगूस.

मला वाटलं, झालं.
तेवढ्यात तिने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं.
वासाचं वेगळं, पैशाचं वेगळं.

एफडी मोडली. विलास दोन दिवस नीट बोलला नाही.

करार तिने हाताने लिहिला, खाली कार्बन घालून.
किती वर्षांनी कार्बन पाहिला.
सहीला जोर दे, म्हणाली, खाली उमटत नाही.
बोटाला निळं लागलं, ते मी पुसलं,
मग उगाच पुन्हा लावून घेतलं.

बाहेर वारा एवढा, की फोन कोटाच्या आत धरावा लागला.
लिहून घे, म्हटलं पोराला.
पेन शोध आधी. शोध, मी थांबते.
घर नंबर नऊ.
हो, आहे. अरुंद आहे.
तेरा पायऱ्या. सातवी करकरते.