वरची खाट

सदतीस डॉलर, कर वेगळा.
चादर मिळाली, अभ्रा मिळाला, टॉवेलचे दोन डॉलर.
मी नको म्हटलं. पंचा होता पिशवीत.
काउंटरवरच्या पोराच्या नाकात बाळी,
त्यानं शेणोलीकर तीनदा वाचायला घेतलं
आणि तिन्ही वेळा णो-पाशी थांबला.
खोली चार. खाट सहा. वरची.

वरची, हे गुडघ्यानं माझ्या आधी ऐकलं.
शिडी म्हणजे चार लोखंडी दांड्या, तिसरी हलते.
एकतीस वर्षं कराडला बँकेत कॅश मोजली मी,
उंचावरचे रजिस्टर काढायला शिपाई होता.

भाची म्हणाली होती, मावशी, हॉटेल बघून देते.
नको म्हटलं.
का नको, ते हॅरिसबर्गच्या पुढच्या बोगद्यात
बसमधले दिवे लागले तेव्हा कळलं:
चार दिवस मला कुणी विचारू नये,
जेवलीस का.

कुणी विचारलं नाही.
रात्री साडेआठला
सात जणांच्या सात भांड्यांमागे उभी राहून
मी ते ध्यानात घेतलं.

फ्रिजवर ताकीद चिकटवलेली:
प्रत्येक डब्यावर नाव आणि जायची तारीख.
तारीख उलटली की अन्न सगळ्यांचं.
व्हाउचरवर, चेकच्या पाठीवर, लॉकरच्या वहीत
हजारदा सही केली असेल,
दह्यावर पहिल्यांदा.
कुमुदिनी. बुधवार.

खालच्या खाटेवर डार्लीन.
पांढरी वेणी, पायात पुरुषी मोजे,
स्वतःची कढई खाटेच्या दांडीला टांगलेली.
तिची बहीण टेकडीवरच्या इस्पितळात.
इथं सलग चौदा रात्रींवर राहू देत नाहीत,
मग तीन रात्री ती बहिणीशेजारच्या खुर्चीत काढते
आणि पुन्हा येते. तिसरी खेप ही.
हे तिनं कांदा चिरताना सांगितलं,
म्हणून डोळ्यांचं काही धरता येईना.

शिडीखाली मी नुसती उभी होते.
तिनं बघितलं. बोलली नाही.
स्वतःची चादर ओढली, वर टाकली,
माझी खाली.
कढई मात्र तिथंच राहिली, माझ्या डोक्याशी,
रात्रभर लसणाचा वास.

सोमवारी मी संगमावर गेले.
अलेगेनी, मोनोंगहेला, नावं म्हणता म्हणता
पाणी पुढे गेलेलं.
संध्याकाळी तिला सांगितलं,
आमच्याकडे कृष्णा आणि कोयना
समोरासमोर येतात, कपाळाला कपाळ,
आणि मग काटकोनात वळून बरोबर निघतात.
तुमच्या नद्या तिरक्या येतात,
रांगेत मधेच घुसल्यासारख्या.
तिनं विचारलं, पटतं का त्यांचं?
म्हटलं, पावसाळा सोडला तर.
ती इतकी हसली
की कोपऱ्यातल्या ब्राझीलच्या मुलीनं
उशीखालून श्श केलं.

मंगळवारी रात्री, तीनच्या सुमारास,
वर फोनचा उजेड.
एक दांडी, दुसरी, तिसरी हलली.
प्लास्टिकच्या पिशव्या ती अशा उचलत होती
जसं झोपलेलं मूल.
माझ्या डोक्याशी हात आला, कढई सोडवली,
क्षणभर तिथंच थांबला.
मी झोपेचं सोंग केलं.
अजून विचारते स्वतःला, का.
दोनच शब्द लागले असते, कुठल्याही भाषेत.

सकाळी पोरगा वरची चादर गोळा करत होता.
विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

फ्रिजमध्ये तिचं सूप. झाकणावर, डार्लीन, शुक्रवार.
म्हणजे अजून तिचंच.
मी ते मागे सरकवलं, दुधाच्या कॅनच्या आड,
घाईत कुणाच्या हाती लागू नये.
माझं दही सगळ्यांच्या फळीवर ठेवलं.
मेतकुटाची पुडीही. वर काय लिहावं सुचेना,
मेतकूट असंच लिहिलं, मराठीत.

बस बारा चाळीसची.
चावी परत दिली की अनामत पाच डॉलर.
पोरानं नोट सरकवली, म्हणाला,
थँक यू, मिस शेणो.
एकच नोट होती.
तरी मोजली.