कूलरपुढची जागा

एप्रिल लागला तरी ह्या कॉलनीत
कूलरबद्दल कुणी बोलत नाही.
मीच हट्टानं मागवला, लोखंडी, मोठा,
मागच्या खिडकीत बसवायला.
नवरा म्हणाला, बरा दिसेल का?
मी म्हटलं, वाळ्याचा वास आवडतो मला.
म्हणजे अर्धंच सांगितलं.

उरलेलं अर्धं तांडापेठेत.
खोलीभर माग, आणि मागातून उरलेल्या जागेत
आम्ही सहा जणं.
बाबा ताट्यांवर बादलीनं पाणी मारायचे
आणि कूलरपुढची पहिली जागा
ज्याची परीक्षा, त्याची.
सात उन्हाळे ती माझीच होती.
विलास मागे, भिंतीला पाठ लावून.
त्याच्या वाटणीचा वारा खात
मी पाठांतर केलं, पास झाले.

आता मी गेले की विलास धावत जातो
सीलबंद पाण्याची बाटली आणायला.
आई फडताळातून तो कप काढते,
निळ्या फुलांचा,
जो आम्ही लहानपणी फक्त पुसून ठेवायचो.
विम्याचा एजंट, हेडमास्तर,
ताईला पाहायला आलेली माणसं,
ह्यांचा कप.
"साखर किती घालू तुला?"
आई. मला.
अर्धा चमचा, म्हणाले.
मग बराच वेळ नुसती फुंकत बसले.

इथल्या बायका चांगल्या आहेत, खरंच.
त्यांच्यात मी "का बरं" म्हणते.
"काऊन" म्हणत नाही.
धरमपेठेतल्या कॉलेजात एकदा निसटला तो शब्द
तर अख्खा बाक हसला.
वाईट नव्हतं ते हसू,
म्हणून जास्त लागलं.
तेव्हापासून तो दाढेखाली ठेवलाय,
बाबांच्या खऱ्र्यासारखा.

कूलरवाला आला, पंचविशीतला.
ताट्या ठोकता ठोकता
सोबतच्या पोरावर खेकसला,
"टाकीत पाणी काऊन नाही टाकलं बे?"
आणि माझ्या तोंडून गेलंच,
"अरे बाप्पा, काऊन चिल्लावतं त्याच्यावर?
लहान हाये ना तो."

त्यानं पान्हा खाली ठेवला.
"आम्ही असंच बोलतो, मॅडम.
तुम्ही मजा घेऊन राहिले."

नाही रे, म्हणायचं होतं, मी पण
"पण"च्या पुढे
पॉलिश केलेला दरवाजा, कुंड्या, माझ्या नावाची पाटी,
आणि पंख्याच्या आवाजात उभा तो,
पावती फाडत.
बारापात्रे.
पत्ता आमच्या गल्लीला लागून असलेल्या गल्लीचा.
मी पन्नास रुपये जास्त दिले,
आणि देता देताच कळलं की चुकलं.

रात्री कूलर लावला.
नवरा दार लोटून एसीत झोपला.
पहिल्या जागेवर मी, एक चादर,
मागे भिंतीपर्यंत रिकामी फरशी.
ओला वाळा, मोटरीची घरघर,
सगळं तसंच.
झोप येईना तशी सरकत गेले मागे मागे,
भिंतीला पाठ टेकेपर्यंत.

इथवर वारा येतच नाही.