प्रयोग ओळखा

तक्रार अर्ज टाइप करायचे शंभर रुपये,
विद्यार्थ्याला साठ.
धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपसमोर
भाच्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे दुपारचा मी बसतो.
बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं,
आता ऱ्हस्व-दीर्घासकट विकतो.

समर्थ कुटे, वय वीस, मूळ गाव सेलू,
डिप्लोमा, दुसरं वर्ष.
कॅरीबॅगमध्ये अकरा महिन्यांची बिलं.
'प्रति, बँकिंग लोकपाल' एवढं झाल्यावर म्हणाला,
सर, सुरुवात कशी करायची?
घडलं तसं सांग.

मी बूट घेतले.
मी खोलीचं डिपॉझिट भरलं.
मी मित्राच्या अपेंडिक्सचे आगाऊ पैसे भरले,
त्यातले निम्मे त्याने दिले, निम्मे राहिले.
मी वाढदिवसाला सोळा जणांना बिर्याणी चारली.
इथे थांबला. हे लिहायलाच पाहिजे का?

सातवीच्या पोरांना मी सांगायचो,
भूतकाळात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही रे,
ते कर्मामागे जातं.
बूट घेतले. बिर्याणी चारली.
आणि 'मी' आपला वाक्याच्या दारात,
चपला हातात घेऊन उभा.

मग बँकेची पत्रं काढली.
आपली मर्यादा वाढवण्यात आली आहे.
विलंब शुल्क आकारण्यात आले आहे.
पुढील कारवाई करण्यात येईल.
पानंच्या पानं, आणि कर्ता कुठेच नाही.
वीस हजारांचे पंचाहत्तर कोणी केले,
कोणत्या मजल्यावर, चहाच्या आधी की नंतर?
मर्यादा वाढली म्हणून अभिनंदन होतं वर.
हा शब्द मी आजवर पाळताना पाहिला, सोडताना पाहिला,
वाढताना पहिल्यांदाच.

वसुलीवाल्याने फोन बापाला केला,
सेलूत, औषधाच्या दुकानात,
काउंटरवर गिऱ्हाईक असताना.
बाप म्हणाला, राँग नंबर.
रात्री पोराला एवढंच विचारलं, किती?
एक लाख अठरा हजार चारशे साठ.
बापाचा पगार चौदा.

मूळ फॉर्म दाखव, मी म्हटलं.
उत्पन्नाचा रकाना: स्वतःचा व्यवसाय, दरमहा पस्तीस हजार.
अक्षर समर्थचं नाही. सही त्याची.
व्यवसाय कुठला रे तुझा?
टेबलवाला दादा म्हणाला, असंच लिहितात.
तोपण कॉलेजचाच होता, फॉर्ममागे अडीचशे मिळायचे त्याला.
आणि आम्हाला पाण्याची बाटली. निळी.

माझ्या कीबोर्डशेजारी निळी बाटली होती.

गेल्या जुलैत इथेच, आमच्या पत्र्याखाली बसायचा तो.
टेबल आमचं. पंख्याची वायर आमच्या बोर्डातून.
दिवसाचे दोनशे भाडं,
वर आधारच्या झेरॉक्सा आमच्याकडेच,
दोन प्रती, चार रुपये.
समर्थची मीच काढली असणार,
काच पुसून, कोपरे जुळवून.

कर्सर लुकलुकत राहिला.
टाइप केलं: सदर टेबल भाड्याने देण्यात आले होते.
खोडलं.
दुकानदाराने दिले होते. खोडलं.
मी दिले होते.
पण अर्ज समर्थचा.
त्याच्या अर्जात 'मी' म्हणजे तोच होणार,
माझं टेबलही त्याच्याच अंगावर जाणार.
दुसरा कागद घ्यावा लागला.
त्याच्याखाली माझं नाव, पत्ता, मोबाइल नंबर.

बिर्याणी राहू दे, त्याला म्हटलं,
सोळा जणही राहू देत.
साठ रुपये घेतले.
सोडले असते तर फार स्वस्तात सुटलो असतो.

जाताना पायरीवरून वळला,
सर, पुरावा म्हणून बाटली जोडायची का?
त्याची हरवली होती.
मी माझ्यातलं पाणी कुंडीत ओतलं,
बाटली विसळली
आणि त्याच्या कॅरीबॅगमध्ये, बिलांवर, आडवी ठेवली.