टाच

"चढावर हिला दम लागतो," देसांका म्हणाली,
आणि दाव्याचं टोक द्यावं तशी
किल्ली माझ्या हातात दिली.

बाहेर कूबर पीडीची दुपार,
ओपलच्या खाणींनी ओकलेले पांढरे ढिगारे.
माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या बापाची गाडी:
डिझेल, ऑटोमॅटिक, चारही चाकं ओढणारी,
तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर,
आणि दारांच्या सांध्यांत त्यातली निम्मी धूळ.

मॅन्युअल गाडी भांडखोर. क्लचमधून, दांड्यातून
काय दुखतंय ते तोंडावर सांगते.
ऑटोमॅटिक सोसते.
तेलाच्या भोवऱ्यात सगळं गिळून
पुढे जात राहते,
फक्त जरा उशिरा.

आधी हवा. फिल्टर आपटला
तर मूठभर वाळवंट खाली पडलं.
नवा घातला. तीच मरगळ.
मग डिझेल: फिल्टरच्या तळाशी चमचाभर पाणी. काढलं.
टर्बोच्या होसला साबणाचा फेस लावून
बुडबुड्याची वाट पाहिली. एकही नाही.
जॅकवर उचलून चाकं हातानं फिरवली,
ब्रेक कुठे धरून बसलाय का.
लो रेंजमध्ये अडकली नाही ना, तेही पाहिलं.
गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगलं.
जळकं नव्हतं.

मग डाव्या पायानं ब्रेक आवळून, डी मध्ये,
उजवा पाय पार खाली.
काटा चौदाशेवर थांबला. दोन हजारांवर जायला हवा होता.
गिअरबॉक्स घसरत असता तर तो वर पळाला असता.
म्हणजे इंजिनच म्हातारं झालं, मी ठरवलं.
आणि एकदा ठरवलं की माणूस ऐकायचं थांबतो.

"बाबा होते तेव्हा ही अशी नव्हती."
दारात उभी, कॉफी गार होत चाललेली.
सगळे असंच म्हणतात.
मेलेल्या माणसाची गाडी नेहमी पळत असते.

चार वाजता, कंटाळून, बॉनेटखाली वाकून
ॲक्सिलरेटरची केबल मी हातानंच ओढली.
शेड हादरलं. पत्र्यावरचे गुलाबी काकाकुवे
एकदम उडाले.
इंजिनाला काही झालेलं नव्हतं.
जे होतं ते इंजिन आणि पाय यांच्या मधे.

टॉर्च दातांत धरून, गुडघे टेकून
पेडलखालचा गालिचा उचलला.
बुटाची टाच.
कामाच्या जुन्या बुटाची, करवतीनं नीट कापलेली,
दोन स्क्रूंनी तळाला बसवलेली.
पेडल अर्ध्यावर येऊन तिच्यावर टेकायचं.
स्क्रूंच्या डोक्यांना रंगसुद्धा दिलेला.
रादोये असाच होता.

टाच मारली की घोडा उधळतो.
ह्यानं टाच ठोकून ठेवली होती
उधळू नये म्हणून.

मी काही बोललो नाही.
तिनं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.
मग म्हणाली, मागच्या हिवाळ्यात
शेगडीला लागून त्यांचा मोजा वितळला, अंगठ्यापाशी,
आणि ते पत्त्यांतून मान वर काढेनात.
वास आम्हाला आला आधी.
साखर आहे जरा, म्हणाले होते.
जरा.

पेडल कुठे संपतं ते पायाला कळत नव्हतं.
म्हणून त्यानं पेडलच संपवलं, अलीकडे,
आणि कुणाला न सांगता
हायवेच्या कडेकडेनं हळू जात राहिला,
रोड ट्रेन्सना हात करून पुढे सोडत.

स्क्रू काढले. तिनं गाडी बाहेर घेतली
आणि गाडी अशी झेपावली
की तिचा पाय दचकून वर आला.
वळणापर्यंत ब्रेकचे दिवे तीनदा लागले.

बिलात फिल्टर लिहिला. वेळ लिहिला नाही.
पहिल्यांदा बघायची जागा मी शेवटी बघितली होती.

टाच ती विसरली की ठेवून गेली, माहीत नाही.
बाकावर, वॉशरांच्या डब्याशेजारी आहे.

रात्री जमिनीखालच्या घरात, बूट काढून
थंड दगडावर मी एकेक बोट टेकवत मोजतो.
चौथ्याची खात्री होत नाही.
पुन्हा पहिल्यापासून.