सोळावं बटण

वॉकलीच्या चढावरून
ग्लेनिसबाईंनी ती स्वतः आणली,
नातीच्या ढकलगाडीत, टॉवेलात गुंडाळून.
‘क्लिफची आहे, लव्ह. त्याचं काय काय आहे आत.
ते तेवढं कॉम्प्युटरात घाल.
आणि त्या खुंट्यांना हात लावू नकोस.’

मागचे सहा स्क्रू काढले.
बॅटरी सत्त्याऐंशी सालची, कडेनं हिरवट क्षार फुटलेली.
काढली की सगळं पुसलं जाणार.
राहू दिली तरी आज ना उद्या तेच.

एकगठ्ठा काही येईना.
निम्म्यात अडखळायचं, चूक चूक म्हणायचं.
मग ठरवलं, एकेक ओळ वाजवायची
आणि वाजेल तितका वेळ बसून राहायचं.
उतरवून घेण्याची हीच तर जुनी रीत:
एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं.

पेटी म्हणते एकशे अठरा,
कॉम्प्युटरही म्हणतो एकशे अठरा,
पण दोघांचे एकशे अठरा एक नव्हेत.
चौथ्या मिनिटाला फट पडते.
पेटीचा ठोका केबलमधून दिला
तेव्हा कुठे तो कुरकुरत तिच्यामागे चालू लागला.

मी इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात मोजायला शिकलो.
सोळा म्हटलं की हात आपसूक समेवर पडतो.
सातव्या पॅटर्नला तो पडला भलत्याच जागी.
पुन्हा मोजलं. पंधरा.
पंधरा पायऱ्यांचा बेस, सोळाच्या चौकटीत
दर फेरीला एक घर आधी पोचणारा,
सोळा फेऱ्यांनी पुन्हा समेला भेटणारा.
मी सरसावून बसलो. काय डोकं या माणसाचं!
दिवसभर फोर्जमध्ये घणाशी, आणि रात्री हे गणित.

ग्लेनिसबाई कप विसळत होत्या.
‘गणित कसलं? जिन्यावरून पडली ती.
सोळावं बटण तेव्हापासून लागतच नाही.’

दाबून पाहिलं. खरंच.

कॉम्प्युटर विचारतो, चौकट पूर्ण करू?
शेवटी एक रिकामी पायरी जोडू?
नको.

मग त्यांना ऐकवलं.
पडद्यावर सूर, हिरव्या विटांसारखे,
कोणता किती जोरात तेसुद्धा: ब्याण्णव, सत्तर, एकशे चार.
ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,
‘हा पियानो आहे. क्लिफला पियानो सोसायचा नाही.’

बरोबरच होतं.
केबलमधून आले होते नुसते आकडे.
आवाज राहिला होता खुंट्यांवर,
त्यानं जिथे सोडल्या तिथे,
टॉवेलानं जपून आणलेल्या.

बॅटरी बदलली. पेटी कोरी झाली.
केबल उलटी जोडली,
तिचेच आकडे तिला परत धाडले.

क्षणभर काहीच नाही.
मग बशीत चमचा थरथरू लागला.

ग्लेनिसबाईंनी टॉवेलाची घडी घातली,
मोडली, पुन्हा घातली.
‘शेजारचे भिंत ठोकतील आता,’ म्हणाल्या,
आणि एका खुंटीला, फक्त आवाजाच्या,
स्वतःच हात लावला.