खाली म्हणजे चालू

दोधू मिस्तरीने पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद,
आणि तार तपासायची ती हाताच्या पाठीने,
कारण झटका बसला की मूठ मिटते.
पुढची अकरा वर्षं मी हेच शिकत होतो.

आता त्याची उजवी मूठ मिटलेलीच असते.
पोराने सुरतहून पार्सल पाठवलंय,
काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डब्या, सहा.
जुन्या बटणांच्या मागे बसवायच्या,
म्हणजे बाजेवर पडल्या पडल्या मोबाइलने दिवे लागतील.
धरणगावात वायरमन काय कमी आहेत?
निरोप आला तो मला, एरंडोलला.

मेन पाडला.
त्याचा बोर्ड त्याच्यासमोर उघडताना
स्क्रू कुठल्या बाजूने सैल होतो तेच क्षणभर सुचेना.
आत पालीची दोन अंडी, वाळलेली,
आणि त्याचे जॉइंट,
शाळेच्या पहिल्या दिवशी आई वेणी घालते तसे घट्ट.
टेपवर बॉलपेनने: मोरी. ओटा. देव.
पक्कड हातात घेऊन बसून राहिलो जरा वेळ.

ओट्याच्या बटणापाशी थांबलो.
फेज सरळ होल्डरला गेलेली.
बटण तोडत होतं न्यूट्रल.
याच चुकीसाठी चोपड्याच्या जिनिंगमध्ये
सगळ्या हमालांदेखत
त्याने माझ्या कानाखाली आवाज काढला होता.
मी मागे पाहिलं नाही.
शिडी लावली, वरच्या जंक्शनमध्ये तारांची अदलाबदल केली,
डबी बसवली, झाकण लावलं.

मग समजावलं, ओरडून, जणू तो बहिराच झालाय:
बाबा, आता बटण वर असो, खाली असो, फरक नाही.
दिवा कधी वर करून लागेल, कधी खाली करून.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी उगवती-मावळती बदलून आलोय.

तोंडाने सांगितलं तरी चालतं, म्हणालो.
तो म्हणाला, "ओटाना दिवा लाव."
अर्धं तोंड, त्यात अहिराणी.
फोनमधली बाई म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही.
पुन्हा म्हणाला. बाईने पुन्हा माफी मागितली.
"इले कोनी शिकाडं?"
आणि डाव्या अंगठ्याने दाबलं.
ओटा उजळला.

रात्री केशरकाकूंनी ताट वाढलं,
शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा.
वाढता वाढता म्हणाल्या,
"भटू, ओटावरना तो बारीक उजेड कथा गया रे?
बंद कया तरी काजवाइतला राहे.
रातले उठू ते तेनाच आधार व्हता."
मी घास चावत राहिलो.
एलईडी तसा मिणमिणतो, न्यूट्रल तोडलेलं असलं की.
बाजेवरून आवाज आला:
"माले माहित व्हतं."

चूक माहीत होती की उजेड,
मी विचारलं नाही.

जोडणी माझ्या मोबाइलवरून केली होती,
ती काढायची राहून गेली.
आता एरंडोलला, रात्री तीन-साडेतीनला
उशाशी स्क्रीन उजळते. मोरी चालू.
मी डोळे मिटून पडून राहतो.
चार मिनिटं. मोरी बंद.
कूस बदलतो.

परवा वीस मिनिटं झाली.
शर्ट चढवला, गाडीची किल्ली घेतली,
बायको म्हणाली कुठे,
तेवढ्यात मोरी बंद.
मग लगेच ओटा चालू.
ओटा बंद.
ओटा चालू.
त्यानंतर बराच वेळ काही नाही.

किल्ली हातात धरून मी भिंत चाचपली,
आमचं साधं बटण,
बोट ठेवलं,
खाली केलं.